हे क्रूर दिसतात, असं हॉलिवूडचं मत पडलं

लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि तोवर हे मला एकदाही क्रूर दिसले नव्हते. दमलेले दिसायचे, भुकेलेले दिसायचे, पुण्याहून सासूबाईंचं पत्र आलं की थोडे अपराधी दिसायचे. क्रूर मात्र कधीच नाही. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी व्हिडिओच्या दुकानातून परत येऊन, अंगातला कोटही न काढता, यांनी मला विचारलं, "अगं, मी क्रूर दिसतो का?" तेव्हा मला वाटलं, पार्किंगवरून कोणाशी तरी वाजलं असणार.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहत होतो. हे हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धा वेळ, आणि आमची एकुलती एक मुलगी चौदा वर्षांची. ती इथलीच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, बोलायचीही, पण लिंगांचा तिच्याकडे काही धरबंध नव्हता. तिच्या मराठीत टेबल 'मोठी' असायची आणि खुर्ची 'मोडला' असायचा.

शनिवारी व्हिडिओ आणायचा हा आमचा शिरस्ता होता. कोपऱ्यावर एका गुजराती भाईंचं दुकान होतं. पुढे दूध-ब्रेड-वर्तमानपत्रं, मागे कॅसेट. मुलीला हॉलिवूडचे मारामारीचे विनोदी सिनेमे आवडायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. दोन पोलीस असायचे, त्यांचं एकमेकांशी पटायचं नाही, गाड्या उलटायच्या, शेवटी दोघं मित्र व्हायचे. काळा माणूस भराभर बोलायचा, चिनी माणूस लाथा मारायचा, इंग्रज माणूस चहा पिता पिता कट करायचा. आणि आपला माणूस आला, तर तीन प्रकारांतला एक. एक टॅक्सीवाला. एक दाट काजळ घातलेला पुजारी, जो माणसं बळी द्यायचा. आणि एक दुकानदार. नायकाची गाडी त्याच्या दुकानाची काच फोडून आत शिरायची, केळी हवेत उडायची, तो डोक्याला हात लावून "माय शॉप, माय शॉप" असं ओरडायचा आणि प्रेक्षक हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला सांगू. भाई मात्र हसायचे नाहीत. कॅसेट परत घेताना दर वेळी विचारायचे, "डॉक्टरसाहेब, त्याचा विमा होता की नव्हता, ते दाखवलं का हो?"

सोमवारी याची किंमत आमच्या मुलीला शाळेत द्यावी लागायची, हे मला तेव्हा अर्धंच माहीत होतं. एकदा डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली, तर वर्गातल्या मुलींनी ती बेडकाची अंडी म्हणून जाहीर केली. कोणीतरी विचारलं, तुमच्याकडे विंचूही खातात का? तिने शांतपणे सांगितलं, "फक्त चतुर्थीला." मला तिचा अभिमान वाटला. बाकीचं तिने घरी सांगितलं नव्हतं.

तर तो शनिवार. हे आदल्या दिवसापासून ऑन-कॉल होते. डोळे लालभडक, भुवया मुळातच दाट, मिशी भरघोस, दाढी वाढलेली. दुकानात एक बाई भाईंशी बोलत उभ्या होत्या. लंडनच्या पश्चिमेला एका स्टुडिओत हॉलिवूडच्या सिनेमाचं शूटिंग होणार होतं आणि त्यासाठी त्या हॅरो-ईलिंगच्या बाजूला आशियाई चेहरे शोधत फिरत होत्या. यांना बघून त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही अगदी परफेक्ट आहात. इतके क्रूर डोळे मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते." मग विचारलं, "तुम्ही काय करता?"

हे म्हणाले, "मी थिएटरमध्ये असतो." इथे ऑपरेशनच्या खोलीला थिएटरच म्हणतात, त्यामुळे यांचं काही चुकलं नाही.

बाईंचा चेहरा उजळला. "अरे वा! किती वर्षं?"

"अठरा."

"आणि तिथे नेमकं काय करता?"

"लोकांना झोपवतो."

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बहुतेक नट तेच करतात, पण कबूल कोणी करत नाही." आणि त्यांनी यांच्या हातात कार्ड ठेवलं. भूमिका होती दुष्ट पुजाऱ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या हस्तकाची.

मला वाटलं, कार्ड फ्रिजवर लागेल आणि विषय संपेल. पण यांच्या मनात एक जुनी जखम होती. मेडिकल कॉलेजच्या गॅदरिंगला तीन अंकी नाटक बसवलं होतं आणि त्यात यांना प्रेताचं काम मिळालं होतं. तिसऱ्या अंकात चाळीस मिनिटं. प्राचार्य म्हणाले होते, काम फार नैसर्गिक झालं. तेव्हापासून यांची एक वाक्य बोलायची इच्छा राहून गेली होती.

दुसरं कारण यांनी मला गंभीरपणे सांगितलं. "बाहेर बसून नावं ठेवण्यापेक्षा आत जाऊन सुधारणा करावी." त्यासाठी यांनी डायरेक्टरला द्यायला दोन पानी पत्र लिहिलं आणि जेवणाच्या टेबलाशी मला वाचून दाखवलं. मुद्दा पहिला: भारतातला पुजारी पहाटे उठतो, अंघोळ करतो, पूजा सांगतो, दक्षिणा घेऊन घरी जाऊन जेवतो. माणसं बळी द्यायला त्याला सवडच नसते. मुद्दा दुसरा: नागाला बाहेरचे कान नसतात, तेव्हा पुंगीचा उपयोग मर्यादित समजावा. मुद्दा तिसरा: डोक्यात बाटली फुटलेला माणूस लगेच उठून विनोद करू शकत नाही. त्याला चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवावं.

"कसं वाटलं?"

"तिसरा मुद्दा फार चांगला आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

साठलेल्या रजेतली एका आठवड्याची रजा टाकून हे शूटिंगला गेले. पहिल्या दिवशीची हकिकत संध्याकाळी कळली. प्लॅस्टरचं प्रचंड मोठं देऊळ उभारलं होतं. आत देवी होती आणि तिला सात हात होते. यांनी दोनदा मोजले. सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, "आठवा होता की साहेब, पण कॅमेऱ्याच्या आड येत होता."

दुष्ट पुजारी झाला होता एक मोठा इंग्रज नट. रंगभूमीवर नावाजलेला, गोरा म्हणण्यापेक्षा गुलाबीच. त्याला रोज सकाळी दोन तास बसवून तपकिरी रंग लावत. रंगवून झाल्यावर यांना त्याच्या शेजारी उभं केलं, तर यांचा रंग त्याच्या रंगाशी जुळेना. मेकअपवाल्या बाई एकदा यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी यांनाही रंगवलं.

"तुम्हाला? तपकिरी?"

"हो. त्या म्हणाल्या, मी थोडा कमी पडतो."

बाकीच्या हस्तकांत एक सायप्रसचा ग्रीक न्हावी होता. त्याला भारत नकाशात दाखवता आला नसता, पण मिशी झकास होती. जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्या हस्तकांच्या मिशा नीट करून द्यायचा.

डायरेक्टर अमेरिकन, तरुण, टोपी घातलेला. कायम पळता पळता सफरचंद खात असायचा. यांनी पत्र दिलं. त्याने पळता पळताच वाचलं, "खूप उपयोगी आहे, थँक यू" म्हणाला आणि खिशात घातलं. दुपारी सेटवर एका नागाचे दोन नाग झाले. नागाचा मुद्दा त्याला आवडला असावा.

मग यांचं वाक्य आलं. एकच होतं: "हिरा कुठे आहे?" इंग्रजीत. नायकाच्या साथीदाराला देवीपुढे दगडावर बांधून ठेवलेलं आणि यांनी सुरा उगारून त्याला हे विचारायचं. यांनी विचारलं. वॉर्डात सिस्टरला "केसपेपर कुठे आहे?" विचारावं, तितक्याच अदबीने.

डायरेक्टर म्हणाला, "छान. आता थोडं जास्त इंडियन करू या."

"मी इंडियनच आहे."

"हो, पण ते ऐकू येत नाहीये."

म्हणून यांना उच्चार शिकवायला एक बाई दिल्या. बाई यॉर्कशरच्या, प्रेमळ, भारतात कधी न गेलेल्या, पण एकदा इजिप्तपर्यंत जाऊन आलेल्या. त्यांनी यांना भारतीय माणूस कसा बोलतो ते शिकवलं. मान कशी डोलवायची, शब्द कुठे उड्या मारत न्यायचे, सगळं. घरी सरावासाठी एक कॅसेटही दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मी पोळ्या वाढत होते. यांनी मान डोलवली, डोळे मोठे केले आणि कॅसेटमधल्या त्या चालीवर हिरा कुठे आहे ते विचारलं. मला हसू आलं. मुलीला आलं नाही. तिने घास खाली ठेवला.

"बाबा, स्टॉप इट. हे फनी नाही आहे."

"अगं, सराव करतोय."

"स्कूलमध्ये सगळी मुलं माझ्याशी असाच बोलते. एव्हरी डे. कॉरिडॉरमध्ये. मान पण असंच करते." तिचा आवाज चढत गेला. "मी त्यांना सांगते, माझे बाबा असा बोलतच नाही. कधीच नाही बोलली. आणि आता तुम्ही सिनेमात बोलणार. मग मी काय सांगू?"

एरवी 'बोलली' ऐकून यांनी लगेच दुरुस्ती केली असती. त्या दिवशी केली नाही. ती उठून वर गेली. यांनी ताटातलं संपवलं, हात धुतले, टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढून तिच्या डबीत घातली आणि डबी बॅगेत ठेवली. मला वाईट वाटत होतं ते वेगळंच. ती रोज हे ऐकत होती आणि घरी येऊन, कसा गेला दिवस, असं मी विचारलं की "फाईन" म्हणत होती. मीही पुढे विचारत नव्हते.

सकाळी दाढी करता करता हे म्हणाले, "मी ते वाक्य तसं म्हणणार नाही. काढून टाकलं तर टाकू देत."

त्या दिवशी लायब्ररीला दांडी मारून मीही यांच्याबरोबर गेले. डब्यात पोळी-भाजी घेतली. हाकललेल्या माणसाला निदान जेवण तरी असावं.

यांनी डायरेक्टरला बाजूला घेऊन सांगितलं. अगदी नम्रपणे, पण ठाम. डायरेक्टरने घड्याळ पाहिलं, सफरचंद पाहिलं, आणि म्हणाला, "ठीक आहे. मग इंडियन भाषेत बोला. खाली इंग्रजी पट्टी टाकू. काहीतरी भयंकर बोला. शाप द्या."

"नेमकं काय बोलू?"

"काहीही! अ‍ॅक्शन!"

दिवे लागले. ढोल सुरू झाले. हे सुरा उगारून पुढे गेले आणि थांबले. मला कळलं, हे अडकले. नंतर यांनी सांगितलं, की डोकं साफ रिकामं झालं होतं. आयुष्यात कोणाला शाप दिला असेल तर ना! पण समोर एक माणूस उताणा पडला होता, वर प्रखर दिवे होते, आणि तो घाबरून यांच्याकडे बघत होता. अशा अवस्थेतल्या माणसाशी काय बोलायचं ते यांना झोपेतही येत होतं. इंग्लंडला येण्याआधी पुण्यातल्या हॉस्पिटलात हजारदा मराठीत बोललेलं. यांनी छाती भरून श्वास घेतला आणि गरजले:

"सकाळपासून काही खाल्लंप्यायलंत का? कवळी आहे का? कवळी असेल तर काढून ठेवा! हलणारा दात आहे का? घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का? अजिबात घाबरू नका! दीर्घ श्वास घ्या!"

शेवटच्या वाक्याला सुरा छताकडे गेला. देवळात प्रतिध्वनी घुमला. मी वायरींच्या भेंडोळ्यामागे डबा छातीशी धरून उभी होते. शालीचं टोक मी तोंडात कोंबलं.

ढोल थांबले. मग डायरेक्टर हळूच म्हणाला, "माझ्या अंगावर काटा आला." त्याने तिथल्या तिथे इंग्रजी पट्टी सांगून लिहून घेतली. तुझी हाडं मगरींना घालीन, तुझ्या सात पिढ्या अंधारात भटकतील, वगैरे. 'अजिबात घाबरू नका' याचं झालं, 'आता मर!'

चहाच्या सुट्टीत तो रंगवलेला इंग्रज नट यांच्याकडे आला. कामाच्या बाबतीत फार प्रामाणिक माणूस. म्हणाला, "तुमच्या त्या भाषेत काहीतरी आदिम आहे. माझंही वाक्य तिच्यातच म्हणू द्या." कोणतं वाक्य हवं? त्याला 'कवळी काढून ठेवा' आवडलं होतं. त्यात त्याला रक्त दिसत होतं.

झालं! यांनी शिकवायला घेतलं, आणि उच्चाराच्या बाबतीत यांच्याकडे तडजोड नाही. नट म्हणाला, "कवली." हे म्हणाले, "ली नाही, ळी. जीभ मागे वळवा, टाळूला लावा आणि सोडा." नट म्हणाला, "कवरी." "नाही." "कवडी." "नाही. कवडी म्हणजे वेगळं. ती समुद्रात सापडते." डायरेक्टर आला, कितीसा फरक पडतो म्हणाला. हे म्हणाले, "फार पडतो." बघता बघता सगळ्या सेटवर ळ सुरू झाला. शिडीवरचे लाइटवाले, मेकअपवाल्या बाई, यॉर्कशरच्या उच्चारवाल्या बाई, सगळे जिभा वळवून उभे. सगळ्यात आधी जमला सायप्रसच्या न्हाव्याला. त्याने पुढचा तासभर बोलण्यात जमेल तिथे तो घातला. शेवटी त्या इंग्रज नटाच्या तोंडून घसघशीत 'कवळी' बाहेर पडलं, तेव्हा यांचे डोळे पाणावले. आमच्या हॅरोच्या मराठी मंडळातल्या निम्म्या पोरांना तो ळ येत नव्हता.

दगडावर बांधलेला नट काळा अमेरिकन होता. कॅमेऱ्यापुढे मशीनगनसारखा बोलायचा, आणि सोडवल्यावर खुर्चीत बसून जाडजूड इतिहासाचं पुस्तक वाचायचा. आवाज मऊ, एखाद्या प्राध्यापकासारखा. आम्ही पोळी-भाजीचा डबा पुढे केला, तेव्हा तो आमच्यात येऊन बसला. यांनी उच्चारवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. तो मान हलवत राहिला.

म्हणाला, "माझे वडील शाळेचे हेडमास्तर. पहिल्या सिनेमात मी त्यांच्यासारखा बोललो. मला सांगितलं, जरा रस्त्यावरचं बोला. मी विचारलं, कुठल्या रस्त्यावरचं? आमच्या रस्त्यावर सगळे असंच बोलायचे." मग म्हणाला, "बरं, तुम्ही मला एवढं ओरडून सांगता तरी काय?"

यांनी सगळं भाषांतर करून सांगितलं. तो आधी ऐकत राहिला, मग त्याने पोळी खाली ठेवली आणि पोट धरून इतका हसला की मेकअपवाल्या बाई धावत आल्या.

पुढचा टेक. परत दगड, परत ढोल, परत सुरा. हे गरजले, "काही खाल्लंप्यायलंत का? कवळी आहे का?" तर तो बांधलेल्या अवस्थेत जिवाच्या आकांताने इंग्रजीत ओरडला, "कवळी नाही! वरच्या डाव्या दाताला कॅप आहे! आणि सकाळी दोन अंडी खाल्ली, सॉरी डॉक्टर!"

यांनी सुरा खाली घेतला.

"कट! काय झालं? सुरा का खाली घेतला?"

"त्यांनी अंडी खाल्लीयत," हे म्हणाले. "आज करता येणार नाही."

तो टेक वाया गेला. पण नटाचं उत्तर डायरेक्टरला, संदर्भ काही न कळताही, प्रचंड विनोदी वाटलं आणि पुढच्या टेकमध्ये ते तसंच ठेवलं. यांचा सुरा या खेपेला वरच राहिला, पण चेहऱ्यावरची नापसंती खरी होती.

पुढच्या वर्षी सिनेमा हॅरोला लागला. मंडळातली वीस-बावीस माणसं रविवारच्या दुपारच्या खेळाला गेलो, सगळ्यांच्या कोटांच्या खिशात चिवडा. एका मित्राचे वडील सांगलीहून आले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे पहिला तासभर ते झोपले. मुलगी माझ्या आणि यांच्या मधे बसली होती. शाळेतल्या बऱ्याच मुली पुढच्या आठवड्यात हा सिनेमा बघणार होत्या. तिने चिवड्याला हात लावला नव्हता.

देऊळ आलं. ढोल आले. सात हातांची देवी आली. सगळं थिएटर श्वास रोखून. मग पडद्यावर यांचा चेहरा आला, डबलडेकर बसएवढा, लाल डोळ्यांचा, आणि अख्ख्या हॅरोला आवाज गेला: "कवळी आहे का?"

सांगलीचे आजोबा खडबडून जागे झाले. "आहे हो! खालची!"

"कवळी असेल तर काढून ठेवा!"

आजोबांनी ती काढून रुमालात ठेवली.

आमच्या दोन रांगा कोसळल्याच. कोणाच्या नाकात चिवडा गेला. दाराशी उभा असलेला माणूस बॅटरी घेऊन आला आणि शांत बसा, नाहीतर बाहेर जा म्हणाला. पुढच्या रांगेतल्या एका इंग्रज बाईंनी वळून विचारलं, "तो नक्की काय म्हणतोय?" माझ्या शेजारणीने सांगितलं. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने पुढच्या रांगेत सांगितलं. ते भाषांतर रांगेरांगेने पुढे जाताना ऐकू येत होतं, आणि त्याच्या मागोमाग हसणं. रंगवलेल्या नटाने भीषण आवाजात तेच वाक्य म्हटलं, तोवर पहिल्या रांगेपर्यंत सगळं थिएटर हसत होतं. ढोल वाजत राहिले, त्यांची कोणी दखल घेतली नाही. पुढे हे एका झडपेतून मगरींच्या तळ्यात पडले, तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली. माझी मुलगी यांच्या बाहीत तोंड खुपसून हसत होती. पडताना हे किंचाळत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं. यांना विचारलं, तर म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही."

नंतर शाळेत काय झालं, ते या खेपेला तिने स्वतःहून सांगितलं. मुली आल्या. तुझे वडील ना ते? हो. मग कोणीतरी नक्कल करायला गेलं, पण नक्कल करण्यासारखं इंग्रजी त्यात नव्हतंच. उरली शापवाणी. ती सगळ्यांना हवी होती. आमच्या मुलीने मधल्या सुट्टीत ती शिकवली, ळ सकट. त्या वाक्यात सुदैवाने लिंगाचा कुठे प्रश्न नव्हता. आठवडाभरात शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लाल केसांच्या, सोनेरी केसांच्या मुली एकमेकींवर बोट रोखून "कवळी काढून ठेवा!" असं किंचाळू लागल्या.

शाळेतून पत्र आलं. आपल्या मुलीने वर्गात एक अपशब्द पसरवलेला दिसतो. तो कोणत्या स्वरूपाचा आहे, ते कृपया कळवावं. मी सविस्तर उत्तर लिहिलं, भूलशास्त्रातल्या कारणांसकट. त्यावर दोन आठवडे काहीच आलं नाही. मग कळलं, की एका मुलीने ते वाक्य खुद्द हेडमिस्ट्रेसना उद्देशून म्हटलं होतं, आणि त्यांना खरोखरच कवळी होती. प्रकरण तिथेच मिटवण्यात आलं.

शाळा यामुळे सुधारली असं मी म्हणणार नाही. साबुदाणा शेवटपर्यंत बेडकाची अंडीच राहिला. पण मी "कसा गेला दिवस" विचारलं की ती आता बसून सांगायची. चांगलंही आणि वाईटही. आणि मीही पुढचं विचारायला शिकले.

यांना नंतर चार-पाच वर्षं अधूनमधून फोन यायचे. टॅक्सीवाला हवाय. दुकानदार हवाय, गाडी आत शिरते तो. हे दर वेळी विचारायचे, "दुकानाचा विमा आहे का?" पलीकडून "कसला विमा?" असं यायचं आणि हे नम्रपणे फोन ठेवायचे.

मग नव्वदच्या दशकात एकदा टीव्हीच्या एका हॉस्पिटलच्या मालिकेसाठी बोलावलं. आशियाई डॉक्टर हवा होता. तोही भूलतज्ज्ञ. हे हरखून गेले. नवा टाय लावून गेले. तिथे यांना मास्क दिला, एक माणूस टेबलावर झोपवला आणि त्याला भूल देऊन दाखवायला सांगितलं. यांनी रोज देतात तशी दिली. तीन परीक्षक आपापसांत कुजबुजले. मग त्यांतल्या बाई हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्ही खूप छान आहात. पण डॉक्टर म्हणून पटत नाही. मास्क धरायची पद्धत जरा कृत्रिम वाटते." आणि त्यांनी विचारलं, "पेपरवाल्या दुकानदाराच्या भूमिकेचा विचार केला आहे का कधी?"

घरी आल्यावर हे बराच वेळ सोफ्यावर बसून, एक उशी समोर धरून, मास्क धरल्यासारखी पकडून बघत होते. मुलगी तेव्हा नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत होती. फोनवर तिला सांगितलं, तर ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाली, "आई, बाबाला दे. मी त्याला सांगते, तो खूप चांगली डॉक्टर आहे."

हे फोनवर म्हणाले, "चांगला." आणि मग तेही हसायला लागले.

सोमवारी हे नेहमीप्रमाणे कामावर गेले आणि सात जणांना भूल दिली. सातही झोपले.